मायक्रोबायॉलॉजीची पहिली इंटर्नशिप: फार्मा, अन्न-पाणी, हॉस्पिटल की संशोधन संस्था?

टीवायबीएस्सी संपत आली किंवा एमएस्सीचं पहिलं वर्ष सुरू झालं की इंटर्नशिपची शोधाशोध सुरू होते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या विद्यापीठांनी एमएस्सीच्या पहिल्या वर्षात 4 क्रेडिटचं ओजेटी (ऑन-जॉब ट्रेनिंग, प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) ठेवलं आहे, म्हणजे साधारण 120 तास. आठ तासांचा दिवस धरला तर कामाचे पंधरा दिवस. बहुतेक जण जिथून आधी होकार येईल तिथे जातात आणि कागद घेऊन परततात. निवडीला वाव असेल तर एक प्रश्न आधी विचारावा: या लॅबमधली एक चाचणी सुरुवातीपासून रिपोर्टपर्यंत किती दिवस चालते, आणि माझ्या मुक्कामात ती मी स्वतःच्या हाताने किती वेळा करेन?

मायक्रोत हा प्रश्न टाळता येत नाही, कारण वाढीला लागणारा वेळ जिवाणू ठरवतात. युरिन कल्चर (लघवीतले जिवाणू वाढवून ओळखणं) दोन-तीन दिवसांत संपतं. पाण्यातल्या कोलिफॉर्मची (दूषिततेची खूण मानले जाणारे जिवाणू) एमपीएन, म्हणजे नळ्यांतल्या वाढीवरून संख्येचा अंदाज बांधणारी चाचणी, पुष्टीसह चार दिवसांपर्यंत जाते, साल्मोनेलाला चार-पाच दिवस लागतात. इंजेक्शनची स्टरिलिटी टेस्ट, म्हणजे ते पूर्ण जंतुमुक्त आहे का याची चाचणी, 14 दिवसांची असते. संशोधनातल्या एका प्रश्नाला कित्येक महिने लागतात. पंधरा दिवसांच्या इंटर्नशिपमध्ये स्टरिलिटीचा जेमतेम एक फेरा बघायला मिळेल, युरिन कल्चरचे मात्र शेकडो नमुने डोळ्यांखालून जातील. चारही पर्याय या हिशेबाने बघू.

औषध कंपनीची क्यूसी (गुणवत्ता नियंत्रण) मायक्रो

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, तारापूर-बोईसर, कुरकुंभ, गोव्यात वेर्णा: नोकऱ्यांची संख्या बघितली तर मायक्रोच्या पदवीधराला सगळ्यात मोठं दार हेच. पण अर्ज करण्याआधी प्लांट इंजेक्टेबलचा आहे की गोळ्या-कॅप्सूलचा, हे विचारून घ्या. गोळ्यांच्या प्लांटमध्ये स्टरिलिटी टेस्ट नसते. तिथे शुद्ध पाणी, कच्चा माल आणि तयार मालाची मायक्रोबियल लिमिट टेस्ट (जंतूंची संख्या मर्यादेत आहे का, ही चाचणी) चालते. इंजेक्टेबलमध्ये अ‍ॅसेप्टिक भाग असतो, पण गाऊनिंगची (निर्जंतुक पोशाख चढवण्याची) पात्रता चाचणी पास झाल्याशिवाय ए आणि बी ग्रेडमध्ये (ए ते डी अशा उतरत्या स्वच्छतेतल्या वरच्या दोन भागांत) पाऊल टाकता येत नाही, आणि इंटर्नला ती पात्रता सहसा देत नाहीत. तेव्हा पहिले काही आठवडे मीडिया रूममध्ये (जिवाणू वाढवण्याचं माध्यम, म्हणजे मीडिया, बनवण्याच्या खोलीत) जातील असं धरून चला.

हे काम हलकं समजू नका. सोयाबीन केसिन डायजेस्ट अगर लिटरला 40 ग्रॅम घ्यायचा, पूर्ण विरघळेपर्यंत उकळायचा, 121 अंशांवर 15 मिनिटं ऑटोक्लेव्ह करायचा, पीएच 7.3 च्या आसपास, म्हणजे 0.2 वर-खाली आहे का बघायचा, आणि साधारण 45 अंशांवर आला की 90 मिमीच्या प्लेटमध्ये 20 ते 25 मिली ओतायचा. फार गरम ओतला तर झाकणाला पाणी धरतं, ते थेंब अगरवर पडतात आणि कॉलनी एकमेकींत पसरून मोजता येत नाहीत. ऑटोक्लेव्हमध्ये जास्त वेळ राहिला तर रंग गडद होतो, पीएच उतरतो, अगर मऊ पडतो. त्यानंतर ग्रोथ प्रमोशन टेस्ट: प्रत्येक प्रमाणित कल्चरचे जास्तीत जास्त 100 सीएफयू (कॉलनी तयार करू शकणारे जिवंत जंतू) टाकायचे आणि आलेली संख्या आधीच्या मंजूर लॉटच्या निम्म्याहून कमी किंवा दुपटीहून जास्त नाही, हे बघायचं. हे जमलं नाही तर पुढचं सगळं खोटं ठरतं, कारण कमकुवत मीडियावर काही उगवत नाही आणि कोरी प्लेट ‘स्वच्छ’ म्हणून नोंदली जाते.

दुसरं काम एन्व्हायर्नमेंटल मॉनिटरिंगचं, म्हणजे खोलीत किती जंतू आहेत ते तपासण्याचं. सेटल प्लेट (हवेतून पडणारे जंतू टिपणारी अगरची प्लेट) जास्तीत जास्त चार तास उघडी ठेवायची. बी ग्रेडला 5, सीला 50, डीला 100 सीएफयू ही कमाल मर्यादा. ए ग्रेडला काहीच उगवलेलं चालत नाही. चार तासांपलीकडे हवेच्या झोतात अगर सुकतो, तडकतो आणि जे पडलं तेही उगवत नाही. पाण्याच्या बाबतीत प्युरिफाइड वॉटरला 1 मिलीत 100 सीएफयू आणि वॉटर फॉर इंजेक्शनला 100 मिलीत 10 सीएफयू हे आकडे मुलाखतीत हमखास विचारतात. दोन्हींची एककं वेगळी आहेत, आणि घाई करणारे उमेदवार तिथेच फसतात.

या लॅबमधून बाहेर पडताना सगळ्यात मोलाची गोष्ट सोबत येते ती नोंदी ठेवण्याची शिस्त. काम झालं त्याच क्षणी, पेनाने लिहायचं. चुकलं तर एक आडवी रेघ, बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख, कारण. व्हाइटनर नाही, गिरवणं नाही, मागची तारीख नाही. न मोजलेल्या प्लेटचा आकडा लिहिणं हा नोकरी घालवणारा गुन्हा आहे, आणि इंटर्नलाही त्यात सूट नाही.

इथे पंधरा दिवसांत फारसं हाती लागत नाही, सहा महिन्यांत लागतं. त्याहून चांगला मार्ग म्हणजे एनएटीएस (केंद्र सरकारची शिकाऊ उमेदवारी योजना) पोर्टलवरून एक वर्षाची पदवीधर शिकाऊ उमेदवारी. 2019 च्या नियमांनी पदवीधरांसाठी किमान स्टायपेंड महिना 9,000 रुपये ठरवला. कंपन्या त्याहून जास्तही देतात. वर्षभरात व्हॅलिडेशन (पद्धत खात्रीची असल्याचं सिद्ध करणं), ऑडिट, डेव्हिएशन (ठरलेल्या पद्धतीपासून झालेली फारकत) हे सगळं समोर घडताना दिसतं. पुढे चाचणीच्या अहवालांवर सही करण्यासाठी एफडीएची (अन्न व औषध प्रशासनाची) मान्यता लागते आणि ती अनुभवावर मिळते, म्हणून या क्षेत्रात पहिल्या दिवसापासून प्रत्येक कागद जपायचा.

अन्न आणि पाणी तपासणीची लॅब

एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मानांकन असलेल्या खासगी लॅब, कोल्हापूर-सांगली भागातल्या दूध संघांच्या लॅब, जिल्हा आरोग्य प्रयोगशाळा. पगार आणि दबदबा या दोन्ही बाबतींत फार्मापेक्षा कमी, पण हात चालवायला लवकर मिळतो, आणि एका महिन्याची इंटर्नशिप असेल तर आमच्या मते हीच जागा सगळ्यात जास्त देते. पावसाळ्यात पाण्याचे नमुने वाढतात; त्या दिवसांत गेलात तर दुसऱ्या आठवड्यात तुमच्या हातात पिपेट असेल.

पाण्याच्या नमुन्यापासूनच शिकणं सुरू होतं. क्लोरिनेटेड पाण्याच्या बाटलीत निर्जंतुकीकरणाआधी सोडियम थायोसल्फेट घालावं लागतं. नाही घातलं तर क्लोरिन प्रवासभर जिवाणू मारत राहतं आणि नळाला खराब असलेलं पाणी लॅबमध्ये चांगलं ठरतं. एमपीएनमध्ये 10 मिलीच्या पाच नळ्या डबल स्ट्रेंग्थ (दुप्पट तीव्रतेच्या) मॅकॉन्की ब्रॉथच्या, म्हणजे द्रव माध्यमाच्या, 1 मिली आणि 0.1 मिलीच्या पाच-पाच सिंगल स्ट्रेंग्थच्या. नमुना घालण्याआधी प्रत्येक डरहॅम नळी (गॅस पकडायला आत उलटी ठेवलेली छोटी नळी) उजेडात धरून बघा. आत हवेचा बुडबुडा अडकलेला असेल तर दोन दिवसांनी तोच गॅस म्हणून मोजला जातो. भारतीय मानक आयएस 10500 प्रमाणे पिण्याच्या 100 मिली पाण्यात ई. कोलाय किंवा कोलिफॉर्म आढळता कामा नये, त्यामुळे अशी एक नळी एखाद्या गावाचं पाणी अयोग्य ठरवू शकते.

अन्नात साल्मोनेलाचा क्रम पूर्ण करून बघा: 25 ग्रॅम नमुना 225 मिली बफर्ड पेप्टोन वॉटरमध्ये, 37 अंशांना रात्रभर, मग आरव्हीएस ब्रॉथमध्ये 41.5 अंशांवर, मग एक्सएलडी अगरच्या प्लेटवर. गुलाबी-लाल कॉलनीच्या मध्यभागी काळा ठिपका दिसला तरी ते अजून साल्मोनेला नव्हे. प्रोटियसही काळा ठिपका देऊ शकतो, म्हणून बायोकेमिकल आणि सिरमची पुष्टी लागते. महिनाभरात हा फेरा तीन-चार वेळा होतो, आणि पहिल्या फेरीत चुकलेलं चौथ्या फेरीत सुधारता येतं. मोजमापातली अनिश्चितता, प्रोफिशियन्सी टेस्टिंग (तोच नमुना अनेक लॅबना देऊन होणारी पारख), आयएसओ 17025 (लॅबच्या क्षमतेचं आंतरराष्ट्रीय मानक) या शब्दांचा खरा अर्थही इथेच उमगतो, आणि फार्मात जायचं असलं तरी त्याचा उपयोग होतो.

हॉस्पिटल आणि निदान लॅब

सरावासाठी हिला तोड नाही. रोज नवे नमुने, रोज ग्राम स्टेन (जिवाणूंचे गट ओळखण्याची रंगक्रिया), रोज सेन्सिटिव्हिटी (कोणतं अँटिबायोटिक लागू पडेल याची चाचणी). युरिनसाठी 1 मायक्रोलिटरच्या कॅलिब्रेटेड लूपने स्ट्रीक करायचं आणि 100 कॉलनी आल्या तर मिलीला एक लाख सीएफयू असा हिशेब. लूप तिरका बुडवला किंवा खोल नेला की जास्त युरिन चिकटतं आणि आकडा फुगतो.

सेन्सिटिव्हिटी टेस्टला फार बारकाईने शिका. म्युलर-हिंटन अगरची जाडी 4 मिमी. जाड झाला तर झोन (औषधाच्या डिस्कभोवती जिवाणू न वाढलेलं वर्तुळ) लहान येतो आणि लागू पडणारं औषध ‘रेझिस्टंट’ दिसतं. पातळ झाला तर उलट. सस्पेन्शन (जिवाणू मिसळलेलं द्रव) 0.5 मॅकफारलँड गढूळपणाचं, 15 मिनिटांच्या आत प्लेटवर पसरायचं, डिस्क ठेवल्यावर पुन्हा 15 मिनिटांच्या आत इन्क्युबेटरमध्ये, आणि बहुतेक नेहमीच्या जिवाणूंसाठी 16 ते 18 तासांनी वाचन. सोबत ई. कोलाय एटीसीसी 25922 सारखं प्रमाणित कल्चर लावलं नसेल, तर त्या दिवशीच्या झोनवर भरवसा ठेवता येत नाही. या आकड्यांवर रुग्णाचं अँटिबायोटिक ठरतं, म्हणून इथे ‘साधारण’ चालत नाही.

दोन गोष्टी मात्र आधी समजून घ्या. पहिली, लस. हिपॅटायटिस बीचे डोस 0, 1 आणि 6 महिन्यांनी असतात, त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी अँटीबॉडी 10 एमआययू प्रति मिली किंवा जास्त आहे का तपासतात. मे महिन्यात रुजू व्हायचं असेल तर पहिला डोस ऑक्टोबरलाच हवा. लस न घेतलेल्या विद्यार्थ्याला रक्ताच्या नमुन्यांजवळ बसवणारी लॅब टाळा. क्षयाच्या संशयित थुंकीचं काम बायोसेफ्टी कॅबिनेटबाहेर होताना दिसलं तरी तिथे थांबू नका. जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम वाचून जा. वापरलेली कल्चर प्लेट ऑटोक्लेव्ह न करता बाहेर जाता कामा नये.

दुसरी गोष्ट करिअरची. साध्या बीएस्सी मायक्रोवर हॉस्पिटल टेक्निशियनची जागा मिळणं अवघड असतं; जाहिराती डीएमएलटी (मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीची पदविका) किंवा एमएस्सी मेडिकल मायक्रो मागतात, आणि लॅबप्रमुख बहुधा एमडी असतात. तुम्हाला डायग्नोस्टिक्स कंपनीत, किट बनवण्यात किंवा संसर्ग नियंत्रणात रस असेल, तर इथला सराव सोन्यासारखा. निव्वळ नोकरीसाठी मात्र आधी डीएमएलटी करायची तयारी आहे का, याचं उत्तर स्वतःला द्या.

संशोधन संस्था

पुण्यात एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), 1946 साली स्थापन झालेली आघारकर संशोधन संस्था, एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) आणि तिचं सूक्ष्मजीव संग्रह केंद्र, एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था), मुंबईत हाफकिन. नावं मोठी आहेत, म्हणून अर्जांची रांगही मोठी. एनआयव्हीत बीएसएल-4 (सर्वोच्च जैवसुरक्षा पातळीची) प्रयोगशाळा आहे, पण इंटर्न तिथे काम करेल अशी कल्पना सोडून द्या.

पीएचडी करायची असेल तरच हा रस्ता, आणि किमान सहा महिन्यांसाठी. 16एस आरआरएनए जनुकावरून एक जिवाणू ओळखायचा म्हटला तरी शुद्ध कॉलनी, डीएनए, 27एफ आणि 1492आर प्रायमरने (डीएनएचा हवा तो भाग निवडणारे छोटे तुकडे) वाढवलेला साधारण 1,500 बेसपेअरचा तुकडा, जेल, सिक्वेन्सिंग, तुलना असा क्रम असतो. डीएनए न घातलेल्या कंट्रोलमध्ये बँड दिसला की सगळे रिएजंट नव्याने उघडायचे, आणि त्यात आठवडा जातो. एमएस्सीच्या शेवटच्या सत्राचं डेझर्टेशन इथे केलं तर फळ मिळतं. पंधरा दिवसांच्या ओजेटीत पिपेट टिपचे डबे भरण्यापलीकडे काम देणं त्यांनाही शक्य नसतं. बीएस्सीवाल्यांनी तिन्ही विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन फेलोशिपचा अर्ज जरूर करावा, तो आदल्या वर्षाच्या अखेरीस निघतो. ई-मेल करताना पन्नास शास्त्रज्ञांना एकच मजकूर पाठवू नका. एकाचा अलीकडचा पेपर वाचा, त्यातल्या कोणत्या पद्धतीवर काम करायचं आहे आणि कोणत्या तारखेपासून किती महिने देऊ शकता, ते आठ ओळींत लिहा. नेट-जेआरएफ मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये फेलोशिप आहे, पण परीक्षा स्वतंत्र पास व्हावी लागते. इंटर्नशिपने ती माफ होत नाही.

पैसे देऊन मिळणाऱ्या ‘इंटर्नशिप’

दहा-पंधरा दिवसांत पीसीआरपासून फर्मेंटेशनपर्यंत सगळं शिकवतो म्हणणारे खासगी वर्ग गल्लोगल्ली आहेत. ते प्रशिक्षण आहे, इंटर्नशिप नाही. तिथे खरा ग्राहकाचा नमुना नसतो, त्यामुळे चुकीची किंमतही नसते. कॉलेजात एखादं उपकरणच नसेल तर तेवढ्यापुरते पैसे भरायला हरकत नाही. भरण्याआधी एका बाकावर किती जण, प्रत्येकाला स्वतःची प्लेट की सगळ्यांना मिळून एक, आणि 24 किंवा 48 तासांनी निकाल वाचायला बोलावणार की तयार प्लेट दाखवणार, हे विचारा. तयार प्लेट दाखवणाऱ्यांना पैसे देऊ नका.

कुठेही गेलात तरी प्रमाणपत्रावर ‘यशस्वीरीत्या पूर्ण केले’ एवढंच असेल तर ते सहीआधी परत पाठवा. विभागाचं नाव, नेमक्या तारखा, एकूण तास, आणि स्वतः केलेल्या व फक्त पाहिलेल्या चाचण्या वेगवेगळ्या लिहून घ्या. रोजच्या कामाची स्वतःची वही ठेवा, पण कंपनीच्या एसओपीचे (ठरलेल्या कार्यपद्धतीच्या कागदांचे) फोटो, बॅच नंबर, रुग्णाचं नाव त्यात नको. मार्गदर्शकाची सही वहीवर दर आठवड्याला घ्या. शेवटच्या दिवशी ते ऑडिटमध्ये अडकलेले असू शकतात.