केडल्स्टन हॉलला गेलात तर आधी खालच्या मजल्यावर जा

पोरगा इंग्लंडमध्ये डर्बीला नोकरीला आहे म्हणून मे महिन्यात आम्ही दोघं आणि माझी ७८ वर्षांची आई जळगावहून तिकडे गेलो होतो. जळगावच्या उन्हातून गेलेल्या आईने महिनाभर अंगातलं स्वेटर काढलं नाही ते सोडा. एका रविवारी पोरगा म्हणाला जवळच केडल्स्टन हॉल म्हणून लॉर्ड कर्झनचं वाडवडिलांचं घर आहे, चला. म्हटलं बंगालची फाळणी केली तो कर्झन? म्हणे तोच.

डर्बीतून गाडीने पंधरा-वीस मिनिटं. घर १७६० च्या आसपासचं, रॉबर्ट ॲडम नावाच्या आर्किटेक्टचं काम, १९८७ पासून नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या तिथल्या संस्थेकडे आहे. आत शिरलं की मार्बल हॉल, नाव मार्बल पण खांब अलाबास्टरचे, म्हणजे संगमरवरासारख्या दिसणाऱ्या मऊ दगडाचे, तोही त्याच भागातला, २० खांब आणि एकेक २५ फूट उंच, मान दुखते बघून. आई थोडा वेळ बघत राहिली आणि सुनेला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हणाली, "इतलं मोठं घर झाडस कोन वं?" सून कोल्हापूरची, तिला अहिराणी कुठून कळणार, मी अर्थ सांगितला, एवढं मोठं घर झाडतं कोण, तर तिने तिथल्या वॉलंटियर बाईंना सरळ तेच विचारलं. त्या हसल्या आणि मिसेस गार्नेटबद्दल सांगायला लागल्या. या इथल्या जुन्या हाऊसकीपर, त्यांचं चित्रसुद्धा आहे, हातात घराची माहितीपुस्तिका घेतलेलं. पाहुण्यांना घर फिरवून दाखवायचं कामही त्यांचंच, १७७७ मध्ये इंग्रजी शब्दकोशवाले डॉ. जॉन्सन आले होते तेव्हा त्यांना पण यांनीच दाखवलं. मधला भाग मुळात दाखवण्यासाठीच बांधलेला, घरची माणसं राहायची बाजूच्या विंगमध्ये. आपल्याकडे पाहुणे येईपर्यंत सोफ्यावरचं कव्हर काढत नाहीत ना, तसंच, फक्त इथे अख्खं घरच सोफा.

आता आमची चूक सांगतो. वरच्या खोल्या, घुमटाचा गोल हॉल, चित्रं, पलंग यातच दोन तास गेले आणि खाली कर्झनने आशियातून आणलेल्या वस्तूंचं म्युझियम आहे त्याला जेमतेम अर्धा तास उरला. खरा माल तिथेच आहे राव. हस्तिदंत, चांदी, शस्त्रं, आणि काचेत तो मोराचा ड्रेस. १९०३ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी बॉलला, म्हणजे नाचाच्या समारंभाला, कर्झनच्या बायकोने, मेरीने घातलेला. जरीचं काम दिल्लीच्या कारागिरांचं, शिवला पॅरिसला, वजन साडेचार किलोच्या आसपास. पूर्ण कापडावर मोरपिसं आणि प्रत्येक पिसाच्या डोळ्यात हिरवं काहीतरी चमकतं, मला वाटलं पाचूबिचू असेल. आई काचेला नाक लावून म्हणाली, "ह्या त सोनकिडाना पंख शेतस ना!" आणि खरंच किड्याचे पंख निघाले. लहानपणी आगपेटीत पाला घालून सोनकिडे पाळलेले, ती विसरेल कशी. तिथून तिला हलवायला मला आणि हिला दोघांना लागावं लागलं.

कलकत्त्याचं राजभवन, जिथे तेव्हा व्हाइसरॉय राहायचे, ते याच घराच्या धर्तीवर बांधलंय, १८०३ मध्ये पुरं झालं, म्हणजे कर्झन व्हाइसरॉय होऊन आला तो जणू स्वतःच्याच घरात राहायला आला. फाळणीचा राग आहेच, पण जुन्या वास्तू जपायचा १९०४ चा कायदा पण याच्याच काळातला, अजिंठ्याच्या उशाला राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तेही नाकारता येत नाही. मला त्या घरात नेमकं काय वाटलं ते अजून ठरत नाहीये.

घराची वेळ आणि बागेची वेळ वेगळी असू शकते, निघायच्या आधी वेबसाइटवर बघून घ्या. म्हातारं माणूस सोबत असेल तर जिन्याचं आधी विचारून ठेवा. डबा न्या. आईने कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ बॅगेतून नेलंच होतं, सकाळी भाकरी करून घेतल्या, सोबत ठेचा, आणि पार्कात झाडाखाली बसून खाल्लं. तिथे मेंढ्या मोकळ्या चरत असतात, एक पार जवळ आली, आईने तिला भाकरीचा तुकडा दाखवला, तिने वास घेतला आणि तोंड फिरवून गवताकडे गेली.