विधवांचं शिक्षण: रमाबाईंची वाट आणि कर्व्यांची

पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत विधवांना शिकवण्यासाठी शारदा सदन काढलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेलं. पैसा मुख्यतः अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा, त्यामुळे इथल्या दात्यांपुढे हात पसरायची वेळ आली नाही. पण १८९३ मध्ये सदनातल्या मुलींना ख्रिस्ती केलं जातं असा धर्मांतराचा बोभाटा झाला, रानडे-भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या.

अण्णासाहेब कर्वे नेमके इथे सावध राहिले. विधवांसाठीचा १८९६ चा अनाथ बालिकाश्रम त्यांनी वर्गणी मागून चालवला. पुनर्विवाहाची चळवळही आश्रमापासून लांब ठेवली. चाल संथ, पण १९१६ ला महिला विद्यापीठ उभं राहिलं. धाडस मात्र रमाबाईंचंच मोठं. कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई शिकल्या त्याही शारदा सदनातच!