दुधाची दाढ काढल्यावर लावलेला स्पेस मेंटेनर, काही महिने वापरून

लेक सात वर्षांची, खालची मागची दुधाची दाढ किडून हिरडीत पू झाला, वाचवण्यासारखी राहिलीच नव्हती म्हणून काढली. घरात सगळ्यांचं एकच, दुधाचे दात पडणारच ना, मग जागा राखून ठेवणारी ती तार, म्हणजे स्पेस मेंटेनर, कशाला? पण त्या जागी पक्का दात यायला दहा-बारावं वर्ष उजाडतं, आणि तोवर सहाव्या वर्षी आलेली मागची कायमची दाढ पुढे सरकून जागा खाऊन टाकते.

काढल्यावरचं दुखणं थोडक्यात आटपलं, वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, गार दहीभात, दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. आजी लवंगेचं तेल घेऊन तयारच, पण ओल्या जखमेवर ते अजिबात नको, भाजतं. भूल उतरेपर्यंत दोन-तीन तास मात्र पोरांवर नजर ठेवा, आमच्या बाईसाहेबांनी बधिर ओठ असा चघळला की जखमेपेक्षा तोच जास्त दिवस दुखला.

खरी कटकट नंतर. पाणी गार असलं की मागच्या दाढेत सणक, कारण इतके दिवस झाकलेली तिची बाजू उघडी पडली आणि दाढ नवीन म्हणजे आतली नस मोठी, एनॅमलही अजून कोवळं. फ्लोराइड व्हार्निश (दातावर लावायचा फ्लोराइडचा लेप) लावलं, मग त्याच दाढेवर स्पेस मेंटेनरचा स्टीलचा बँड, म्हणजे दाढेभोवतीचं कडं, सिमेंटने बसवला, त्याची तार पुढच्या दाढेला टेकते. पहिले एक-दोन दिवस ठणकलं, मग सणक जवळजवळ गेलीच. सेन्सिटिव्हिटीची मोठ्यांची पेस्ट मनाने देऊ नका, बारा वर्षांखाली डॉक्टरांना विचारूनच.

संक्रांतीला चिक्कीने घात केला. बँड दिसायला जागेवरच होता पण गार पाण्याने परत सणक, दाखवलं तर आतलं सिमेंट सुटलेलं. म्हणजे बंद झालेली सणक परत आली की आधी बँड बघून घ्या कारण सैल बँडखाली अन्न अडकून चांगली दाढ किडायची. परत चिकटवून घेतला, फार वेळ लागत नाही.

वैताग एकच, तारेखाली पोहे, पालेभाजी, सगळं अडकतं, रात्रीचा ब्रश मी स्वतःच करते आणि बँडच्या कडेने हिरडीजवळ जास्त वेळ. बाकी बोलणं, जेवण व्यवस्थित, शाळेत कुणाला कळलंही नाही. दर तीनेक महिन्यांनी दाखवायचं, खालचा पक्का दात वर यायला लागला की ही तार काढतील. तोवर चिक्की, च्युइंगम, टॉफी बंद, तिळाचा मऊ लाडू चालतो.