अण्णांचा गुबारा, माझा ओटीपी : व्हिडिओ कॉलवरच्या डॉक्टर ॲपचा रिव्ह्यू (पाचपैकी तीन स्टार)

आधीच सांगते, ॲपचं नाव लिहीत नाहीये. परत त्यांच्या कस्टमर केअरचा तो "डिअर व्हॅल्यूड कस्टमर"वाला मेल मला नकोय. पाच महिने वापरलं, सहा कन्सल्टेशन झाली, चार अण्णांची, एक आईचं, एक माझं, आणि त्यावरून लिहितेय.

तर आमचं असं आहे की मी नाशकात पाथर्डी फाट्याला राहते, नोकरी अंबडला, आणि आई-अण्णा पिंपळगाव बसवंतला. अंतर तसं फार नाही पण अण्णांना बीपी आणि साखर दोन्ही, त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी नाशकात दाखवायला यायचं म्हणजे सकाळची एसटी, द्वारका चौकात अर्धा तास अडकायचं, मग गंगापूर रोडला नंबर लावून बसायचं आणि शेवटी डॉक्टर काय म्हणणार तर "त्याच गोळ्या चालू ठेवा". यंदा आमच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आई-वडील घेतले आणि वर ओपीडी कव्हर (ॲडमिट न होता डॉक्टरला दाखवल्याचा खर्च) आलं, वर्षाला पाच हजार, एचआरचा मेल आला की व्हिडिओ कन्सल्टेशनचं बिल पण यात चालेल. म्हटलं बघू या.

पहिला कॉल. अण्णा पडवीत बसलेले, फोन असा धरलेला की डॉक्टरांना फक्त कपाळ आणि मागचं कॅलेंडर दिसतंय. डॉक्टर बाहेरच्या राज्यातले, हिंदीत बोलणारे. (हे चालतं बरंका, नोंदणीकृत डॉक्टर देशात कुठूनही कुठल्याही पेशंटला फोनवर तपासू शकतो.) अण्णा म्हणाले, "जेवलं की पोटात गुबारा धरतो." डॉक्टर दोन सेकंद गप्प. मग म्हणाले, "गुब्बारा? पेट में?" मी पलीकडून व्हॉट्सॲपवर आईला मेसेज करतेय की सांग त्यांना गॅस, गॅस म्हण, आणि आई फोनमध्ये तोंड घालून "ग्यास, ग्यास होता है इनको". तसं बघितलं तर फुगाच की, डॉक्टर फार काही चुकले नव्हते. पण "पायाला मुंग्या येतात" हे हिंदीत नीट पोचायला अजून पाच मिनिटं गेली, आणि कॉल असतो पंधरा मिनिटांचा. ॲपमध्ये भाषा निवडायचा पर्याय आहे, मराठी पण आहे, पण मराठी निवडलं की डॉक्टर सरळ दुसऱ्या दिवशीचे दिसतात. याला अर्धा स्टार कापला.

डॉक्टर मात्र चांगले निघाले, हे मान्यच करावं लागेल. बीपीचं मशीन लावून आकडा कॅमेऱ्यासमोर धरायला लावला, जुनी चिठ्ठी बघितली, आणि मुंग्यांचं ऐकल्यावर म्हणाले की पाय मला स्क्रीनवरून तपासता येणार नाहीत, प्रत्यक्ष जाऊन दाखवा. खरं तर त्यांनी एक गोळी लिहून मोकळं व्हायला काय जात होतं. आणि गंमत म्हणजे कॉल संपल्या संपल्या ॲपने काय दाखवलं, तर "पुढचं व्हिडिओ कन्सल्टेशन आत्ताच बुक करा, वीस टक्के सूट". अरे, तुमचाच डॉक्टर सांगतोय प्रत्यक्ष जा! पेशंट प्रत्यक्ष यायला तयार असताना डॉक्टरने फोनवरच या असा आग्रह धरणं हे नियमात गैरवर्तन धरलंय, पण ॲपच्या नोटिफिकेशनला कोण विचारणार.

नियम म्हणजे कुठले ते थोडक्यात सांगते कारण मलाही आधी माहीत नव्हते. २५ मार्च २०२० ला, म्हणजे लॉकडाऊन लागला त्याच दिवशी, केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्याआधी सगळं अधांतरीच होतं, त्यात २०१८ मध्ये रत्नागिरीच्या एका प्रकरणात डॉक्टर जागेवर नसताना फोनवरून औषधं सांगितली गेली, पेशंट दगावली, आणि मुंबई हायकोर्टाने त्या डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. तेव्हापासून आमचे पिंपळगावचे फॅमिली डॉक्टर फोनवर साधं क्रोसिन सांगायलाही कां कूं करायचे, ते का हे मला आत्ता कळलं.

या तत्त्वांत औषधांच्या याद्या आहेत. पॅरासिटामॉल, ओआरएस असलं साधं चॅटवरही सांगता येतं. काही औषधं पहिल्यांदा द्यायची तर व्हिडिओच लागतो. आणि काही फोनवरून द्यायचीच नाहीत. इथे आमच्याकडे भांडण झालं. अण्णांना झोपेची गोळी लागते, अल्प्राझोलम, ती संपलेली. डॉक्टर म्हणाले नाही लिहिणार, ही एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातली आहे, टेलिकन्सल्टेशनवर लिहायला बंदी आहे. आई भडकली, "पैसे घेतले आणि गोळी देत नाही म्हणजे काय!" मला विचाराल तर याच गोष्टीमुळे माझा त्या डॉक्टरांवर विश्वास बसला. जो ॲपवाला डॉक्टर असली गोळी दोन मिनिटांत लिहून देईल त्याच्यापासून लांब राहा.

आता मुख्य तक्रार. संमती.

पेशंटने स्वतः कॉल लावला तर संमती गृहीत धरतात, त्यात काही वावगं नाही. पण घरच्या माणसाने किंवा आरोग्यसेविकेने पेशंटसाठी कॉल लावला तर पेशंटची स्पष्ट संमती घ्यायची, मेसेजने, बोलून, कशीही, आणि डॉक्टरने ती रेकॉर्डला ठेवायची. आता आमचा कॉल कोण लावतं, तर मी. अंबडच्या ऑफिसच्या कँटीनमधून. ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो, माझ्या. टाकते कोण, मी. आणि त्या ओटीपीच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की "ओटीपी देऊन आपण टेलिकन्सल्टेशनला व माहिती भागीदार कंपन्यांना देण्यास संमती देत आहात". म्हणजे अण्णांच्या साखरेची माहिती कोणाला द्यायची हे मी चहा पिता पिता ठरवून टाकलं, आणि अण्णांना पत्ताच नाही.

एका डॉक्टरीण बाईंनी मात्र (तिसरा कॉल, ह्या मराठी होत्या) सुरुवातीलाच विचारलं, "काका, मी फोनवरून तुम्हाला तपासणार, चालेल ना? हो म्हणा, मला नोंद करायचीय." तर अण्णा म्हणतात, "आधी तुम्ही काय सांगता ते ऐकतो, मग हो म्हणतो." बाई हसल्या पण पुढे गेल्या नाहीत, हाताने तपासता येणार नाही, अचानक काही झालं तर जवळच्या दवाखान्यात जायचं, हे सगळं समजावून सांगितलं आणि मगच अण्णांच्या तोंडून हो घेतलं. दीड मिनिट लागला असेल. चारपैकी एका कॉलला हे झालं, त्याआधी दोन्ही वेळा माझा ओटीपी हीच अण्णांची संमती.

याचं फळ आठवड्याभरात मिळालं. अण्णांना फोन, "सर, डायबेटिससाठी आमच्याकडे स्ट्रिप्सवर ऑफर आहे." अण्णांनी विचारलं, "मला साखर आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?" समोरून फोन कट. ॲपनेच नंबर दिला हे मी सिद्ध करू शकत नाही, पण आधी असा एकही फोन आला नव्हता एवढं नक्की. सेटिंगमध्ये जाऊन ती भागीदारवाली परवानगी काढायला गेले तर तिथे बटणच नाही, मेल करा म्हणे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात चक्क लिहिलंय की संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं, आणि संमतीचा मजकूर मराठीतही बघायची सोय हवी. पण त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि बऱ्याच कलमांना पुढे अठरा महिन्यांची मुदत दिलीय, म्हणजे तोवर ॲपवाले मेलच करायला लावणार. मी मेल केला, नवव्या दिवशी "तुमची विनंती नोंदवली आहे" असं उत्तर आलं. इथे दीड स्टार गेला. आभा नंबर (सरकारी आरोग्य ओळख क्रमांक) जोडा म्हणूनही सारखं मागे लागतात, तो ऐच्छिक आहे, मी नाही जोडला.

इन्शुरन्सचं आता. पहिल्या कॉलचं बिल ५९९, क्लेम टाकला, नामंजूर. कारण काय, तर पेशंटचं नाव जुळत नाही. बघते तर चिठ्ठीवर माझं नाव, माझं वय, स्त्री, आणि खाली बीपीच्या गोळ्या! अकाउंट माझं म्हणून पेशंट पण मीच. हे खरं तर मेडिकलवाल्याने आधीच पकडलं होतं, आईला म्हणाला, "मावशी, ही चिठ्ठी तर ताईंची आहे, काकांना कशी देऊ?" तेव्हा आम्ही त्याच्यावरच चिडलो होतो. सॉरी दादा. शिवाय पावती म्हणून जे मिळालं ते नुसतं "ऑर्डर समरी", त्यावर डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर नाही. तो नंबर चिठ्ठीवर आणि फीच्या पावतीवर असायलाच हवा आणि पावती देणं बंधनकारक आहे, हे मेलमध्ये लिहून पाठवलं, तीन मेल झाले, मग दुरुस्त चिठ्ठी आणि नीट पावती आली आणि टीपीएने (इन्शुरन्स कंपनीसाठी क्लेम बघणारी संस्था) चार दिवसांत पैसे दिले. म्हणजे पैसे अडले ते ॲपच्या कागदांमुळे, इन्शुरन्सवाल्यांचा यात दोष नव्हता, हे मी पहिल्यांदाच लिहितेय आयुष्यात.

पण एक गैरसमज खूप जणांचा आहे. इर्डाने, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, जून २०२० मध्ये कंपन्यांना सांगितलं की पॉलिसीत डॉक्टरचं कन्सल्टेशन कव्हर असेल तर टेलिमेडिसिनही धरा. असेल तर, हे महत्त्वाचं. साधी ॲडमिट झाल्यावर चालणारी पॉलिसी असेल तर नुसत्या व्हिडिओ कॉलचे पैसे मिळत नाहीत. माझी पंचवटीची मावशी तशीच पॉलिसी घेऊन दोन कॉल करून बसली आणि मग मला फोन, "अगं देतच नाहीत." मग पुढच्याच आठवड्यात तिला डेंग्यूने ॲडमिट करावं लागलं, तेव्हा तेच दोन कॉल त्याच तापासाठी होते म्हणून ॲडमिट होण्याआधीच्या खर्चात बसले. बऱ्याच पॉलिसींमध्ये आधीचे तीस आणि नंतरचे साठ दिवस धरतात, आपली पॉलिसी उघडून बघा. तेव्हा पावती जपून ठेवा, व्हिडिओ कॉलची असली तरी. आणि कंपनीने तक्रारीला तीस दिवसांत दाद दिली नाही तर विमा लोकपाल आहे, आपल्या नाशिकला पुण्याचं ऑफिस लागतं, फी नाही. ५९९ रुपयांसाठी मी काही गेले नसते, पण मोठ्या रकमेला लक्षात ठेवा.

फुकटात हवं असेल तर सरकारचं ई-संजीवनी आहे, आईचं आणखी एक तिथे केलं होतं, वाट बघावी लागली पण डॉक्टरांनी नीट विचारपूस केली, आणि नंतर एकही ऑफरचा फोन नाही.

तर तीन स्टार, तेही सगळे डॉक्टरांचे. ॲप वापरणार असाल तर आई-वडिलांना "फॅमिली मेंबर" म्हणून वेगळं ॲड करा, त्यांचाच मोबाइल नंबर टाका, आणि कॉल सुरू झाला की चिठ्ठीवर नाव कोणाचं येणार हे आधी विचारा. आम्ही आता तसंच केलंय. ओटीपी अण्णांच्या फोनवर येतो. परवा कॉलच्या आधी मी म्हटलं अण्णा, नंबर सांगा, तर म्हणाले, "बँकवाल्यांनी सांगितलंय, ओटीपी कोणाला सांगायचा नाही. पोरीला पण नाही." कॉल वीस मिनिटं उशिरा सुरू झाला.