‘४० कोर’चा चेस पीसी घेण्याआधी

मुलगा बुद्धिबळाच्या राज्य स्पर्धा खेळू लागला की स्टॉकफिशसाठी, म्हणजे चाली शोधून देणाऱ्या बुद्धिबळ इंजिनासाठी, दमदार मशीन हवं म्हणून पालक बाजारात शिरतात. त्यांच्या गळ्यात हमखास मारला जाणारा माल म्हणजे ‘चेस स्पेशल, ४० कोर, ६४ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्डसकट’.

आत निघतात सर्व्हरमधून काढलेले इंटेलचे दोन झिऑन ई५-२६८० व्ही२ प्रोसेसर, २०१३ सालचे. प्रत्येकी १० म्हणजे एकूण २० कोर. ४० हा आकडा थ्रेडचा, कारण यातला एक कोर एकाच वेळी दोन थ्रेड, म्हणजे कामाचे दोन प्रवाह, हाताळतो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूखाली ‘कोअर्स’ आणि ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ अशा दोन वेगळ्या ओळी असतात. विकणारा दुसरीवरच बोट ठेवतो.

खरी फसगत मात्र पुढेच आहे. २०२० मधल्या स्टॉकफिश १२ पासून हे इंजिन पोझिशन जोखायला न्यूरल नेटवर्क वापरतं आणि त्या आकडेमोडीचा वेग प्रोसेसरमधल्या एव्हीएक्स२ सूचनांवर (एका झटक्यात अनेक आकड्यांची आकडेमोड करण्याची सोय) फार अवलंबून असतो. ई५ मालिकेत त्या व्ही३ पासून आल्या. व्ही२ वर स्टॉकफिशची एव्हीएक्स२साठी बनवलेली फाइल उघडली की काळी खिडकी क्षणभर चमकते आणि बंद होते. मग ‘व्हायरस असेल, फॉरमॅट मारून देतो’ असं उत्तर मिळतं. फॉरमॅटने काहीही होणार नाही, कारण ती सोय चिपमध्येच नाही. एसएसई४१-पॉपसीएनटी ही जुन्या चिपची फाइल चालते, पण हळू.

ग्राफिक्स कार्डाचे पैसे तर निव्वळ पाण्यात. स्टॉकफिश ते वापरतच नाही. ते लागतं लीला चेस झीरो या दुसऱ्या इंजिनाला. शिवाय बायोस (कार्डाची ओळख सांगणारं आतलं सॉफ्टवेअर) बदललेलं जुनं जीटीएस ४५० कार्ड ‘जीटीएक्स १०५० टीआय’ म्हणून खपवलं जातं. मागे निळं व्हीजीए पोर्ट दिसलं तर घेऊ नका. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये अशा कार्डाच्या नावाआधी ‘फेक’ लिहून येतं.

‘सात मोहऱ्यांचे सगळे टेबलबेस भरलेली १ टीबी डिस्क’ हीसुद्धा थाप. टेबलबेस म्हणजे पटावर मोजके मोहरे उरल्यावरच्या अचूक उत्तरांचा तयार साठा. सहा मोहऱ्यांपर्यंतचे सिझिजी या प्रचलित प्रकारातले टेबलबेस साधारण १५० जीबीत मावतात. सातचे १६ टीबीच्या वर जातात.

पैसे देण्याआधी स्टॉकफिशची एव्हीएक्स२ फाइल पेनड्राइव्हवर घेऊन जा. ती उघडून ‘बेंच’ (bench) कमांड द्या, पुढे तीन आकडे: हॅश (इंजिनाला द्यायची मेमरी, एमबीत) १०२४, थ्रेड खऱ्या कोरइतके, डेप्थ (किती खोल शोधायचं) २४. शेवटी सेकंदाला किती नोड्स, म्हणजे किती पोझिशन तपासल्या, ते दिसतं. लागोपाठ चार-पाच वेळा चालवा. आकडा घसरत गेला तर कूलर अपुरा आहे. दोन मशीन ताडून बघायची तर फाइल तीच ठेवा, आवृत्ती बदलली की नेटवर्क बदलतं आणि तुलना फोल ठरते.

बिलावर प्रोसेसरचा पूर्ण मॉडेल नंबर, कार्डाचा सिरियल नंबर आणि ‘नवा’ की ‘रिफर्बिश्ड’ हे लिहून घ्या. जाहिरातीचा स्क्रीनशॉटही ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार करताना हेच कागद कामी येतात.