जुनी स्पोर्ट्स कार की आजची दमदार घरगुती गाडी? कोकणातल्या रस्त्यांवरचा हिशेब

1996 साली पहिली पोर्शे बॉक्सस्टर आली, तेव्हा तिचं अडीच लिटरचं इंजिन 204 पीएस (साधारण हॉर्सपॉवरएवढंच माप) ताकद आणि 245 न्यूटनमीटर टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) देत होतं. गाडीचं वजन 1250 किलो. आज चाकणहून बाहेर पडणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टसचं दीड लिटरचं टर्बो इंजिन 150 पीएस आणि 250 न्यूटनमीटर देतं, आणि वजन बॉक्सस्टरच्या आसपासच भरतं. सपाट मोकळ्या रस्त्यावर पाय पूर्ण दाबून निघालं, तर बॉक्सस्टर अजूनही पुढे. 0 ते 100 ला तिला 6.9 सेकंद पुरतात, व्हर्टसला 9 च्या आसपास लागतात. पण कुंभार्ली घाटात चिऱ्यांनी भरलेल्या ट्रकमागे अडकल्यावर हा आकडा कामाला येत नाही. तिथे एकच गोष्ट महत्त्वाची: पूर्ण टॉर्क किती आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना) हातात येतो? व्हर्टसला 1600 ते 3500 मध्ये, बॉक्सस्टरला 4500 ला.

म्हणजे एक गाडी मागितल्याबरोबर देते, दुसरीकडून आधी दोन गिअर उतरवून मागून घ्यावं लागतं.

वापरलेली मर्सिडीज एसएलके, ऑडी टीटी किंवा बॉक्सस्टर घ्यावी की त्याच पैशांत नवी व्हर्टस, स्कोडा स्लाव्हिया किंवा महिंद्राची इलेक्ट्रिक बीई 6 आणावी, अशा दुविधेत असणाऱ्यांसाठी हा आढावा आहे. गाडी कोकणात राहणार, घाट चढणार-उतरणार आणि पावसाळा इथेच काढणार, हे गृहीत धरलं आहे. मुंबई-पुण्याच्या सोसायटीतल्या बंद पार्किंगमध्ये राहणाऱ्या गाडीचा हिशेब वेगळा होईल.

ओव्हरटेकचं गणित

चढावर एसटी ताशी 30 च्या वेगाने चालली आहे. मागे राखलेलं अंतर, एसटीची लांबी आणि पुढे सुरक्षित आत येण्याची जागा धरून तिच्यापेक्षा साधारण 40 मीटर जास्त कापावे लागतात. दर सेकंदाला ताशी 7 किलोमीटरने वेग वाढवणाऱ्या गाडीला यासाठी 6.4 सेकंद लागतात. 11 किलोमीटरने वाढवणारीला 5.1 सेकंद. फरक सव्वा सेकंदाचा वाटतो, पण तेवढ्या वेळात समोरून ताशी 50 ने येणारा आंब्याच्या पेट्यांचा पिकअप 18 मीटर पुढे सरकतो, आणि तुमची स्वतःची गाडीही उजव्या बाजूला 11 मीटर कमी धावते. एकूण जवळजवळ 30 मीटर वाचतात. घाटातल्या सरळ तुकड्यात 30 मीटर म्हणजे पुष्कळ.

आता एसएलके 200 बघा. 2004 ला आलेल्या या पिढीत सुपरचार्जर आहे, 163 पीएस आहेत, 0 ते 100 ला 8.3 सेकंद लागतात. कागदावर ती व्हर्टसच्या पुढेच. पण तिचे 240 न्यूटनमीटर 3000 आरपीएमनंतर पूर्ण मिळतात, आणि ऑटोमॅटिक असेल तर पाच गिअरांचा जुना बॉक्स किकडाउन (पाय पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर) घ्यायला क्षणभर थांबतो. तो क्षण वरच्या हिशेबात धरलेलाच नाही. ओव्हरटेकच्या बाबतीत एसएलके 200 आजच्या चांगल्या टर्बो सेडानला हरते, हे मान्य करूनच ती घ्यावी.

टीटीचं तसं नाही. 2006 नंतरच्या पिढीतलं दोन लिटरचं टर्बो इंजिन 200 पीएस आणि 1800 आरपीएमपासूनच 280 न्यूटनमीटर देतं. घाटात व्हर्टस तिला गाठू शकत नाही. जुन्या गाडीचा नाद आणि आजच्या गाडीचा दम दोन्ही हवे असतील, तर या तिघींत टीटी घ्या.

आणि बीई 6? मोठ्या बॅटरीच्या गाडीत 286 पीएस, 380 न्यूटनमीटर, 0 ते 100 ला कंपनीच्या आकड्यानुसार 6.7 सेकंद. टाटा हॅरियर ईव्हीचं चारही चाकांना ताकद देणारं मॉडेल दोन टनांहून जड असूनही 6.3 सेकंदांत शंभरी गाठतं. 1978 च्या पोर्शे 911 एससीला यासाठी 7 सेकंद लागायचे. ज्या वेगासाठी कधीकाळी भिंतीवर पोस्टर लावायचे, तो आता मुलांना शाळेत सोडणाऱ्या गाडीत आहे. शिवाय तिथे गिअर नाही, किकडाउन नाही, आरपीएमची वाट बघणं नाही. निव्वळ ओव्हरटेकसाठी गाडी घ्यायची असेल, तर हा प्रश्न इथेच निकाली निघतो.

जुन्या गाडीकडे अजून काय उरलं आहे

बरंच काही. बॉक्सस्टरला चारही चाकांवर चार पिस्टनचे कॅलिपर (ब्रेकची डिस्क आवळणारे चिमटे) आहेत. दीड लिटरच्या व्हर्टस जीटीला मागे ड्रम ब्रेक आहेत. आंबा घाटातून साखरप्याकडे सलग उतरताना हा फरक पायाला कळतो. अर्थात ब्रेक फ्लुइड ताजं असेल तरच. ते हवेतली ओल शोषतं, आणि किनाऱ्यावर ओलीला तोटा नाही. ओल मुरलेलं फ्लुइड लांब उतारावर तापून उकळतं, आत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. विक्रेत्याने शेवटचं कधी बदललं याची नोंद दाखवली नाही, तर पहिल्याच दिवशी डॉट 4 दर्जाचं नवं फ्लुइड भरून घ्या. पुढे दर दोन वर्षांनी.

स्टीअरिंग हा दुसरा मुद्दा. बॉक्सस्टरचं इंजिन सीटच्या मागे, चाकांच्या मधोमध असतं. पुढच्या चाकांवर इंजिनाचा भार नसल्यामुळे वळणात नाक पटकन आत येतं. तिच्या 2012 पर्यंतच्या गाड्यांत हायड्रॉलिक स्टीअरिंग आहे, रस्त्याचा पोत बोटांना जाणवतो. बीई 6 वेगाने पळते, वळतेही नीट, पण तिचं जड वजन वळणात लपत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, छप्पर खाली, मालगुंडहून गणपतीपुळ्याकडे संध्याकाळी ताशी 50 ने जाताना मागची कुठलीही सेडान पुढे निघून गेली तरी काही बिघडत नाही. या आनंदासाठी जुनी गाडी घेणारा पस्तावत नाही.

जमिनीपासूनची उंची, आणि फेरीबोट

व्हर्टसखाली 179 मिलिमीटर जागा आहे. एसएलके किंवा बॉक्सस्टरखाली जेमतेम अर्धी वीत. गावातल्या गतिरोधकांवर त्या तिरक्या घेऊन, एकेक चाक चढवून निभावता येतात. खरी परीक्षा जेट्टीवर. दाभोळ-धोपावे, वेश्वी-बागमांडला, आगरदांडा-दिघी, जयगड-तवसाळ, कुठेही जा. भरतीला बोटीची फळी जवळजवळ सपाट असते. ओहोटीला जेट्टीचा उतार आणि फळीचा चढ यांच्यामध्ये खोल कोन पडतो. उतरताना पुढचा बंपर टेकतो, आणि फळीवरून बोटीत शिरताना गाडीचं पोट घासतं. बॉक्सस्टरच्या पुढच्या बंपरमध्ये दोन्ही बाजूंना रेडिएटर आणि त्यांच्यापुढे एसीचे कंडेन्सर आहेत, त्यामुळे तो धक्का महागात पडतो. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघूनच निघा, आणि पलीकडे पोचल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने गाडी खालून धुवा. फळीवर खारं पाणी असतंच.

त्या बंपरमधल्या जाळ्यांत पाचोळा आणि लाल माती साचते. पाऊस पडला की तिचा चिखल होऊन कंडेन्सरला चिकटतो आणि ॲल्युमिनियम कुजतं. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, बंपर काढून हे साफ करावं लागतं. एसी थंड होत नाही म्हणून फक्त गॅस भरून घेणाऱ्याचे पैसे पुन्हा पुन्हा जातात.

पावसाळा

निर्णय इथे ठरतो. कापडी छपराच्या गाडीत छपरावरचं पाणी बाजूच्या नळ्यांतून खाली जातं. बॉक्सस्टरमध्ये या नळ्यांची तोंडं छप्पर मिटतं त्या खणात, दोन्ही कोपऱ्यांत आहेत. आंब्याखाली किंवा सुरूखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत मोहोर आणि काड्या तिथे अडकतात. पाणी मग आतल्या गालिच्याखाली साचतं, आणि नेमकं सीटखाली इमोबिलायझरचं कंट्रोल युनिट बसवलेलं आहे. ते भिजलं की चावी ओळखत नाही आणि गाडी सुरूच होत नाही. वास कुबट येत असेल, तर हे आधीच होऊन गेलेलं असू शकतं. छप्पर अर्धवट उघडून प्रत्येक तोंडात पेलाभर पाणी सावकाश ओता. ते गाडीखाली जमिनीवर दिसलं पाहिजे. नळी तुंबली असेल, तर गवत कापायच्या यंत्रातली जाड नायलॉनची दोरी घालून साफ करा. तार घालू नका, नळीला भोक पडतं. कंप्रेसरची हवाही नको, नळी जोडातून निसटते.

चार महिने गाडी उभी राहणार असेल, तर पडवीत किंवा मांगरात पक्की फरशी हवी. शेणाच्या जमिनीतून ओल वर येते आणि खालचे बोल्ट गंजतात. प्लास्टिकचं आवरण घालू नका, आत बुरशी धरते. सुती आवरण चालतं. हँडब्रेक ओढून ठेवू नका, ब्रेकचे शूज चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा. टायरमध्ये 40 पीएसआय हवा भरा. बॅटरीला ट्रिकल चार्जर (सावकाश चार्ज देत राहणारा) हवाच. उंदरांसाठी बॉनेट आठवड्यातून एकदा उघडून बघणं हाच त्यातल्या त्यात खात्रीचा उपाय. आणि ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल: या जुन्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. जुने रबरी पाइप फुगतात, चिरतात. इथेनॉल ओल ओढून घेतं, म्हणून टाकी रिकामी सोडण्यापेक्षा जवळजवळ भरून ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही. पाऊस संपल्यावर पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्रत्येक पाइपच्या टोकाला बोट लावून वास घ्या.

नव्या गाडीलाही पावसाळ्याचा त्रास आहे, पण कमी. बीई 6 साठी घरचं अर्थिंग आधी तपासून घ्या. जांभ्याच्या कातळावरच्या घरांत ते बहुधा कच्चं असतं आणि उन्हाळ्यात माती सुकली की आणखी बिघडतं. मग चार्जर एरर देऊन थांबतो. साध्या 16 अँपिअरच्या सॉकेटवर 79 किलोवॅट-तासांची बॅटरी 20 टक्क्यांवरून पूर्ण भरायला 20 तासांहून जास्त लागतात, आणि तेवढा वेळ सलग वीज राहिली पाहिजे. थ्री-फेज जोडणी आणि 11 किलोवॅटचा चार्जर असेल तर साधारण रात्रभरात काम होतं. इलेक्ट्रिक गाडीत मोटरच वेग कमी करते, ब्रेक फारसे लागत नाहीत, म्हणून खाऱ्या हवेत डिस्क गंजतात. आठवड्यातून दोन-तीनदा मोकळ्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारून त्या स्वच्छ ठेवाव्यात.

व्हर्टस घेणार असाल, तर मिळत असेल तिथे मॅन्युअल घ्या. डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये सात गिअर आणि कोरडे क्लच आहेत. गणपतीच्या गर्दीत घाटाच्या चढावर इंच इंच सरकत राहिलं की ते तापतात. डीएसजीच हवी असेल तर पुढच्या गाडीला दोन गाड्यांचं अंतर जाऊ द्या, मग एकदाच पुढे जा, आणि थांबलेलं असताना ब्रेकवर राहा, ॲक्सिलरेटरवर नाही.

टायर

जुन्या स्पोर्ट्स कारचं फिरणं कमी असतं, त्यामुळे टायरची नक्षी नवी दिसते. बाजूच्या चार आकड्यांकडे बघा. 2315 म्हणजे 2015 सालचा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांपलीकडचं रबर कडक झालेलं असतं. चिरेखाणीतल्या ट्रकांनी सांडलेली लाल माती पहिल्या पावसात साबणासारखी होते. अशा टायरवर मागच्या चाकांना ताकद देणारी 240 पीएसची गाडी तिथे घेऊन जाणं धोक्याचं आहे. साध्या सेडानच्या नव्या टायरपुढे ती वळणात सहज मागे पडते. चारही टायरचा खर्च किमतीतून वजा करूनच सौदा करा.

मग कोणी काय घ्यावं

घरात एकच गाडी असणार असेल, तर व्हर्टस किंवा स्लाव्हिया, दीड लिटर, आणि मिळत असेल तर मॅन्युअल. याबद्दल शंका बाळगू नका. स्वतःचं घर, पक्कं अर्थिंग आणि थ्री-फेज असेल, तर बीई 6. दुसरी गाडी आधीच दारात आहे, बंद फरशीची जागा आहे आणि वर्षाकाठी एकदा मुंबईला ट्रकवर गाडी पाठवायची तयारी आहे, त्यांनी खुशाल जुनी स्पोर्ट्स कार घ्यावी. बिघडलेली गाडी हुकाने ओढून न्यायची नाही, सपाट बेडच्या ट्रकवरच चढवायची. तो खर्चही आधीच धरा.

जुनी घेताना मॉडेलप्रमाणे तपासणी अशी. टीटीच्या 2010 पर्यंतच्या गाड्यांत हाय-प्रेशर पेट्रोल पंपाखाली नाण्याएवढा कॅम फॉलोअर (कॅमशाफ्ट आणि पंप यांच्यामधली धातूची टोपी) असतो. तीन बोल्ट काढून तो बाहेर घ्या. वरचा काळा थर झिजून चकचकीत धातू दिसत असेल तर लगेच बदला, नाहीतर भोक पडून कॅमशाफ्ट खराब होतो. पुढेही 25-30 हजार किलोमीटरला बघत राहा. एसएलके 200 च्या इंजिनाच्या पुढच्या बाजूला कॅमचे दोन मॅग्नेट आहेत. त्यांचे कनेक्टर काढा. आत तेल दिसलं, तर ते वायरमधून झिरपत इंजिनच्या कॉम्प्युटरकडे निघालेलं आहे. थंड इंजिन सुरू करताना साखळीची खडखड येत असेल तर ती गाडी सोडा. बॉक्सस्टर 2009 नंतरची मिळाली तर उत्तम. त्याआधीच्या इंजिनांतलं आयएमएस बेअरिंग (आतल्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग) तुटलं तर सगळं इंजिनच जातं, आणि जुन्या गाड्यांत ही भीती जास्त. तेलाचा फिल्टर कापून आत धातूचे कण बघायला लावा.

कागदांत नोंदणीची तारीख बघा. 15 वर्षांनंतर तपासणी करून नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं होतं, आणि आयात गाडीला त्याची फी देशी गाडीच्या कितीतरी पट आहे. सौदा शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये करा. सलग दोन दिवस पाऊस लागल्यावर गाडी बघायला जा आणि सीटखालचा गालिचा हाताने दाबून बघा.