मोत्याच्या पिना, रिबिनी, फोम वगैरे... आठ महिने वापरल्यावर

गणपतीच्या आधी होलसेलमध्ये उचललेलं सामान आता संपत आलंय, म्हणून म्हटलं लिहूनच टाकते. मी पुण्यात घरूनच बुके आणि डोहाळजेवणाचे फुलांचे दागिने करते, फुलं पहाटे मार्केट यार्डातून.

आधी मोत्याच्या पिना. पांढऱ्या गुलाबात एकेक खोचली की साधा बुकेपण भारी दिसतो आणि गिऱ्हाईक दोन पैसे जास्त द्यायला कुरकुर करत नाही. पण स्वस्तातला डबा घेऊ नका हो! माझ्या पिनांची दांडी लोखंडी निघाली. फवारा मारून बुके रात्रभर ठेवला आणि सकाळी बघते तर प्रत्येक मोत्याखाली तपकिरी डाग, गंज उतरलेला. बाराच्या बारा गुलाब बाद आणि डिलिव्हरी दहाला. आता स्टीलच्याच वापरते, त्यापण द्यायच्या तासभर आधी, आणि पाकळीत नाही तर मधल्या घट्ट गाभ्यात सरळ खाली, कारण पाकळीला भोक पडलं की तिथे काळं पडतंच.

दागिन्यांत मात्र पिन अजिबात नको, पोटुशी बाई दोन-तीन तास घालून बसणार, टोचलं तर? तिथे निशिगंधाच्या कळ्या आणि मोती एकाआड एक ओवते. मोती 4 एमएमचे घ्या. मी हौसेने 8 चे आणले होते, बाजूबंद इतका जड झाला की सारखा कोपरापर्यंत घसरत होता, फोटोत पण तसाच आलाय. कुंदन गरम ग्लू गनने थेट फुलाला लावू नका, पाकळी भाजते. मी ते आधी सॅटिनच्या रिबिनीवर चिकटवते आणि मग रिबीन बांधते.

देठांना गुंडाळायची हिरवी टेप चिकटत नाही म्हणून मी पहिले दोन रोल फेकणारच होते, मग कळलं की ती ताणून गुंडाळायची असते, ताणल्याशिवाय त्यातलं मेण सुटत नाही.

फोम, म्हणजे फुलांचे देठ खोचायचा तो स्पंजासारखा ठोकळा, पाण्यावर नुसता ठेवायचा, आपोआप बुडतो. मी घाईत हाताने दाबला, आत हवा अडकून मधला भाग कोरडाच राहिला आणि साखरपुड्याच्या टेबलावर दुपारीच जरबेराने माना टाकल्या. एकदा वाळला की परत धड पाणी पीत नाही. शिवाय ते प्लास्टिकच, चुरा सिंकमध्ये सोडायला जीव होत नाही. हल्ली पसरट भांड्यात कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी चुरगळून बसवते, धुवून परत वापरता येते.

ग्लिटर स्प्रे म्हणजे पैसे पाण्यात. एकांच्या सोफ्यावर चकचक सांडली, फोन आला, पुढे काय बोलणं झालं ते नको.

तारेवरची फुलपाखरं बरी आहेत, पण घरात लहान मूल असेल तर ती आधी उपटली जातात. मी दोन जास्तीची पिशवीत टाकून देते.